शिक्का मारून झाला, आता पुढे काय?

आपल्याकडे कुठल्याही जिवंत गोष्टीचा कागद करून टाकण्याची विलक्षण हातोटी आहे. शिक्षणाचा कागद झाला, गरिबीचा झाला, आणि आता शिकताना अडखळणाऱ्या मुलाच्या बुद्धीचाही झाला. हा कागद करण्याच्या कामाला आपण ज्याला जुंपलं आहे, तो म्हणजे मानसशास्त्रज्ञ. माझं म्हणणं रोखठोक आहे. विशेष मुलांच्या शिक्षणात मानसशास्त्रज्ञाला आपण दाखले देणारा कारकून करून ठेवलं आहे. जोवर तो वर्गात येऊन बसत नाही, तोवर त्याच्या चाचण्यांनी मुलाचं शिकणं तसूभरही पुढे सरकत नाही.

हे वाचून काही जण रागावतील. खुशाल रागवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तालुक्याच्या गावी चौतीस वर्षं मी मराठी शिकवलं. त्या काळात अशा बऱ्याच फायली माझ्या हातात आल्या. एक आई आठवते. शेतमजुरी करणारी. मुलाच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी तीन खेपा घातलेल्या, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडालेली. चौथ्या खेपेला हातात पडलेला अहवाल दीड पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत! मी स्वतः मराठीतून बी.ए. झालेली. शब्दकोश समोर ठेवून आम्ही दोघींनी तो वाचून काढला. चाचण्यांची नावं होती, आकडे होते, सही-शिक्का होता. तिचा प्रश्न मात्र एकच होता, "बाई, ह्यात त्याला शिकवायचं कसं ते लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं. शेवटच्या ओळीत 'विशेष शिक्षणाची शिफारस' एवढंच होतं. आजारी माणसाला डॉक्टरने नुसतं 'औषध घ्यावे' असं लिहून दिलं, तर आपण काय म्हणू?

आता गंमत पाहा. ही बुद्धिमापन चाचणी जन्माला आली ती कशासाठी? १९०४ साली फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी मुलं कशी ओळखावीत आणि त्यांना कसं शिकवावं, हा तिच्यापुढचा प्रश्न. त्यातून १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांची चाचणी तयार झाली. मूल ओळखायचं ते मदत करण्यासाठी, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि कधीही न वाढणारी गोष्ट आहे, असं म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात टीका केली. लक्ष, स्मरण, विचार यांचे व्यायाम मुलांकडून करून घेता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि तसे व्यायाम त्यांनी सुचवलेही. १९११ साली ते वारले. चाचणी जगभर गेली, व्यायाम मागेच राहिले!

आपल्याकडेही चांगली माणसं झाली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. पुढे आर्थर मॅलिन यांनी नागपुरात राहून भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन श्रेणी तयार केली. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, एकटं बाहेर जातं का, हे पाहणारी सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टीही त्यांनी आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली. किती कष्टाचं काम! पण आपण त्या पट्टीने काय केलं? मुलं मापली आणि पट्टी कपाटात ठेवून दिली.

त्या मापाने कोणाचं काय होतं तेही पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, अध्ययन अक्षमता त्यात आली. फारच चांगलं झालं. पण बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के हवं. २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक परिपक्वतेच्या मोजपट्टीवर ७० ते ८४ गुण मिळवणाऱ्या मुलाला २५ टक्के दिले होते. म्हणजे अपंगत्व होतं, पण पुरेसं नव्हतं! बरं, त्याच मुलाला अध्ययन अक्षमतेचा दाखला मागावा, तर त्याच सूचनांप्रमाणे आधी बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा होता. म्हणजे हे काठावरचं मूल ना ह्या घरचं, ना त्या घरचं. प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतात. त्यांच्या वाट्याला 'ढ' हे एकच जुनं प्रमाणपत्र येतं, आणि त्याला सही-शिक्काही लागत नाही.

मग मानसशास्त्रज्ञाने करायचं तरी काय? मी एकदा ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी प्रात्यक्षिकासाठी आमच्या शाळेत आली होती. सहावीचा एक मुलगा वर्गातून सारखा पळून जायचा. तिने त्याची कसलीही चाचणी घेतली नाही. तीन दिवस शेवटच्या बाकावर वही घेऊन बसली. काय घडलं की तो उठतो, उठल्यावर काय करतो आणि त्यानंतर काय होतं, एवढंच लिहीत राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "बाई, प्रकट वाचनाची पाळी दोन मुलांवर आली की त्याला तहान लागते." उपाय साधा होता. कोणता परिच्छेद वाचायचा ते त्याला आदल्या दिवशीच सांगायचं, आणि पहिले पंधरा दिवस शेजारच्या मुलाबरोबर जोडीने वाचायला लावायचं. महिन्याभरात पळणं थांबलं. वाचन अडखळतच होतं, पण तो वर्गात होता! वर्गात असलेल्या मुलाला शिकवता येतं, पळालेल्याला नाही.

ह्याला म्हणतात मानसशास्त्र. आकडा सांगणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. मूल कुठे अडतं ते पाहणं, शिक्षकाला उपाय सांगणं, आईबापांना धीर देणं आणि तीन महिन्यांनी परत येऊन तो उपाय चालला का ते तपासणं, हे खरं काम.

"पण बाई, एवढी माणसं आणायची कुठून?" हा आक्षेप मला ठाऊक आहे. माणसं कमी आहेत हे खरंच. पण जी आहेत त्यांना आपण दाखल्यांच्या रांगेपुढे बसवून ठेवलं आहे. एकामागून एक मुलं तपासणाऱ्या त्या बिचाऱ्यांना मी दोष देत नाही. दोष कामाच्या वाटणीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं, प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. तो आदेश आला विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात, आणि योग्यच आहे. पण आपला स्वभाव मला माहीत आहे. चित्रकलेच्या सरांकडे 'समुपदेशक' असा आणखी एक कार्यभार येईल, दारावर पाटी लागेल, आणि विशेष मूल त्या दाराबाहेरच राहील. तसं होऊ द्यायचं नसेल, तर आत्ताच बोललं पाहिजे.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, अहवाल आईबापांच्या भाषेत हवा, आणि त्यात एक पान शिक्षकासाठी हवं. येत्या सोमवारपासून वर्गात काय करायचं, ते त्यावर लिहिलेलं असावं. दुसरी, ज्या मुलाचा अहवाल दिला त्याच्या शाळेत मानसशास्त्रज्ञाने निदान एकदा यावं आणि तीन महिन्यांनी पुन्हा डोकवावं. त्याच्या कामाच्या वेळेत ह्याची सोय सरकारने करावी. तिसरी, अहवाल दाखवून मुलाला शाळेबाहेर काढण्याचा उद्योग बंद व्हावा. भेदभाव न करता प्रवेश द्या, असं २०१६ चाच कायदा सांगतो. तरी 'ह्याला आमच्याकडे झेपणार नाही' हे वाक्य आजही पालकांना ऐकवलं जातं, आणि पुराव्याला तोच अहवाल पुढे केला जातो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असं मूल असेल, तर पुढच्या वेळी तपासणी झाल्यावर खुर्चीतून लगेच उठू नका. आकडा ऐकून घ्या, आणि मग शांतपणे विचारा, "साहेब, आता शाळेत काय करायचं ते सांगा. आणि जमेल तर मराठीत लिहून द्या." समोरचा माणूस चांगला असेल तर त्याला हा प्रश्न आवडेल. बहुधा तो शिकला होता तो ह्याच कामासाठी.