समोर उजेड, पाठीमागे काळोख

पावसाळ्यात घाटरस्त्यावर धुके दाटले की एक विसंगती हमखास दृष्टीस पडते. समोरून येणाऱ्या नव्या मोटारीच्या तोंडावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशपट्ट्या झळकत असतात. पण तीच मोटार शेजारून निघून गेली, की तिच्या मागच्या बाजूस एकही दिवा लागलेला नसतो. चालक बेफिकीर असतो असे म्हणता येत नाही. आपल्या गाडीचे दिवे सुरू आहेत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. या समजुतीचे मूळ ‘डे-टाइम रनिंग लाइट’ अर्थात ‘डीआरएल’च्या रचनेत आहे.

रस्ता उजळणे हे या दिव्यांचे काम नव्हे. दिवसा गाडी इतरांच्या नजरेत भरावी, एवढाच त्यांचा हेतू. इंजिन सुरू होताच ते आपोआप लागतात आणि हेडलाइट लावले, की विझतात किंवा मंद होतात. अनेक गाड्यांत इंडिकेटर लुकलुकताना त्या बाजूचा डीआरएल मंदावतो, जेणेकरून वळणाचा पिवळा इशारा त्याच्या प्रखरतेत हरवू नये. हेडलाइटच्या एका हॅलोजन बल्बला साधारण ५५ वॉट वीज लागते. एलईडी डीआरएलचे काम त्याहून बरेच कमी विजेवर भागते.

ही कल्पना उत्तर युरोपातली. हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगतच रेंगाळणाऱ्या स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून नव्या मोटारींना, तर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलना डीआरएल बंधनकारक केले. समोरून येणारी गाडी लवकर लक्षात यावी, हा त्यामागील हिशेब होता. त्यात पाठीमागून येणाऱ्याचा विचार मात्र राहून गेला.

पूर्वी अंधारून आले, की डॅशबोर्डवरील आकडे दिसेनासे होत आणि चालकाचा हात आपसूक दिव्यांच्या बटणाकडे जाई. आता डॅशबोर्ड सदैव उजळलेला असतो. पुढे डीआरएलचा थोडाफार प्रकाश पडतो. त्यामुळे टेललाइट बंद असल्याची जाणीव करून देणारी खूणच उरलेली नाही. कॅनडात अशा गाड्यांना ‘फँटम’ म्हणजे भुताची गाडी म्हणतात. तेथे सप्टेंबर २०२१ पासून नव्या वाहनांसाठी नियम बदलला: डीआरएलबरोबर टेललाइटही लागावेत, किंवा अंधारात सर्व दिवे आपोआप सुरू व्हावेत, अन्यथा चालक दिवे लावीपर्यंत डॅशबोर्ड तरी अंधारात राहावा.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे हेडलाइट सतत सुरू राहण्याची रचना सक्तीची झाली. तेथे हेडलाइटबरोबर मागचा दिवाही लागतो. मोटारींत मात्र डीआरएल आले ते बरेचसे शोभेचे अंग म्हणून, आणि त्यांच्या मर्यादा ग्राहकाला क्वचितच सांगितल्या गेल्या. आपोआप लागणाऱ्या हेडलाइटवरही पूर्ण विसंबता येत नाही. कारण दिवसाचे धुके पांढरे आणि उजळ असते, त्यामुळे प्रकाश मोजणारा सेन्सर फसू शकतो.

कॅनडासारखा नियम आपल्याकडे होणे इष्टच. पण तोवर पाऊस, धुके, बोगदा आणि तिन्हीसांजेला हेडलाइट हातानेच लावण्याची सवय हाच खात्रीचा उपाय. पुढच्या वळणावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दिसतो, तो टेललाइटच.