एका सतरंजीवरचा चित्रपट

सुरतेतील आमच्या घरी शनिवारी जपमाळेची प्रार्थना आटोपली की दूरचित्रवाणीपुढे सतरंजी पडते. आम्हां मुलांस हाणामारी हवी, आईस अश्रू, आजोबांस भक्तिरस. निवड होईतो अर्धी मंडळी घोरू लागते.

परवा मूळ सुरतेचे नट संजीवकुमार यांचा १९७२ सालचा ‘कोशिश’ लाविला. त्यातील पतिपत्नी मूकबधिर. बोलत होतो ते केवळ आम्हीच! पण खुणांनीच एकमेकांस जपणारी ती दोघे पाहता पाहता घर निःशब्द झाले. शेवटी दिवा लावावयास कोणीच उठेना; सर्वांचेच डोळे ओले.

प्रिय वाचकहो, आपापला मोबाइल घेऊन निराळे कोपरे गाठले, तर एकमेकांचे अश्रू कळावेत कसे? सतरंजीवर भांडणे होतात हे खरे. परंतु कुटुंबही तेथेच घडते.