दवाखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांसाठी
महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञांचा जाहीरनामा

आम्ही लहान मुलांचे डॉक्टर आहोत. न्यूमोनिया झालेले मूल आम्ही बरे करतो आणि ते चुलीच्या धुराने भरलेल्या त्याच खोलीत परत जाते. जुलाबाने सुकलेल्या मुलाला सलाईन लावतो. त्याच्या पाड्यावरचे पाणी तसेच राहते. जव्हार-मोखाड्यातले कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात वजन धरते आणि दिवाळी सरली की आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते. पुढचे औषध आमच्या कपाटात नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. बालरोगतज्ज्ञ मात्र शहरांत एकवटले आहेत. जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी, हे वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडले होते. ही विषमता माणसांच्या निर्णयांतून आली आहे. माणसांनाच ती मोडता येईल.

त्याचा पुरावा याच राज्यात आहे. जामखेडमध्ये आरोळे दांपत्याने १९७० पासून गावच्या बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून आमचा निर्धार:

१. केसपेपरवर आजाराबरोबर वस्ती, पाणी, चूल आणि स्थलांतर यांचीही नोंद करू.
२. तालुक्यातील प्रत्येक बालमृत्यूची कारणे आशाताई व कुटुंबासोबत बसून शोधू आणि ग्रामसभेत मांडू.
३. बालरोगशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पाड्यावर आणि झोपडपट्टीत काम करायला नेऊ.

आणि शासनाकडे मागणी:

१. आदिवासी तालुक्यांतील डॉक्टर व परिचारिकांची रिक्त पदे भरा.
२. उसाच्या फडावर आणि वीटभट्टीवर लस व पोषण आहार पोहोचवा.
३. आशा व अंगणवाडी सेविकांना पुरेसा मोबदला वेळेवर द्या.

डॉक्टरांनो, परिचारिकांनो, आशाताईंनो, आईबापांनो, या कामात सामील व्हा. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती मुले दगावली आणि कशाने, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.