जुन्या डिफरन्शियलचा व्यवहार

कळवण तालुक्यातील कांदा बाजार समितीत पोचविण्यास पिकअप गाडी मोठी उपयोगी पडते. ऐन हंगामात तिचे मागील डिफरन्शियल निकामी झाले, की मालक जुने विकत घेतो अथवा अदलाबदल करतो. यात गैर काही नाही. परंतु बियाणे जसे उगवणशक्ती तपासून घ्यावे, तसाच हा भागही पारखूनच घेणे इष्ट होय.

प्रथम दात मोजावेत. क्राऊनला ४१ व पिनियनला १० दात असल्यास प्रमाण ४.१ होते. मूळच्यापेक्षा कमी प्रमाणाचा भाग बसविल्यास भरल्या गाडीची चढावरील ओढ घटते. क्राऊन व पिनियन एकमेकांशी जुळलेले असतात. म्हणून त्यांपैकी एकच बदलू नये. तेलात लोखंडाच्या कपच्या आढळल्यास सौदा सोडून द्यावा.

विक्रेत्याने दोष लपवू नये. घेणाऱ्याने मूळ गाडीच्या क्रमांकासह सहीची पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पारख शेतकरी बंधूंना समजावून द्यावी. कांद्याने भरलेली गाडी घाटात अडकवून ठेवणाऱ्या काटकसरीस बचत म्हणता येणार नाही.