टेम्प्लेटला मराठी शिकवा

गणपती महिन्यावर आले की जबलपूरच्या मराठी मंडळींत वेबसाइटचा विषय निघतोच. कार्यकारिणीतल्या कुणाचा तरी भाचा ‘हो जाएगा, काका’ म्हणतो आणि वर्डप्रेसचं एखादं फुकट टेम्प्लेट चढवतो. डेमोत समुद्रकिनारा असतो, ‘अवर टीम’ झकास दिसत असतं. तिथे ‘कार्यकारिणी’ लिहिलं की का, र्य, का, रि, णी असे पाच तुकडे पडतात. कपडे वाळत घातलेली दोरी जागोजागी कापावी, तशी शिरोरेषा.

दोष पोराचा नाही. टेम्प्लेट रोमन लिपीच्या मापाने बेतलेलं असतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत फट सोडली की शीर्षक भारदस्त दिसतं, म्हणून स्टाइलशीटमध्ये लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. आपल्यासाठी ते शून्य करायचं. ओळीची उंची १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्या-रफारांना भिडतात, ती १.६ च्या आसपास न्यावी. बटणांची उंची ठरावीक असेल तर ‘सूचना’चा ऊकार छाटला जातो, तेही बघावं.

जबलपुरात आणखी एक खोच आहे. साइटची भाषा हिंदी ठेवली की ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मराठी वळण महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासन निर्णय काढून प्रमाण ठरवलं. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. पान मराठी आहे हे ब्राउझरला कळलं, तरच आपलं उमटतं. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ निवडायची, एवढंच काम. हिंदी पानं असतील तर त्यांना वेगळी खूण द्यावी. कुणी म्हणेल, एवढ्या बारकाव्याने कुणाचं अडतं? घरी मराठी आणि शाळेत हिंदी गिरवणाऱ्या नातवंडांनी मराठी ल बघायचा तरी कुठे?

हे बदल मूळ टेम्प्लेटच्या फायलीत मात्र करू नयेत. पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं आणि भाचा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो. चाइल्ड थीम करावी: वेगळा फोल्डर, त्यात आपली स्टाइलशीट आणि तिच्या माथ्यावर मूळ टेम्प्लेटच्या फोल्डरचं नाव. मूळ थीम खुशाल अपडेट होऊ दे, आपली दुरुस्ती शाबूत राहते.

आणि पसंतीच्या बैठकीत डेमो दाखवू नका. गेल्या वर्षीचा अहवाल त्यात ओता, मोबाइलवर उघडा. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ मेनूत मावलं नाही, तर पुढचं टेम्प्लेट बघा.