सरांनंतर क्लासचे काय?



विषय अवघड आहे. तो काढला म्हणून घरातूनच "असे अभद्र बोलू नये" हे ऐकून झाले आहे. तरीही लिहीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या कराटे क्लासचे सर बायपासनंतर तीन महिने येऊ शकले नाहीत. आता ते ठणठणीत आहेत आणि दर शनिवारी आमच्या मुलीवर पूर्वीसारखेच ओरडतात. पण ते तीन महिने आठवा. शाळेच्या जिमची किल्ली सरांकडे, भाड्याचा करार सरांच्या नावावर, विमाही त्यांच्याच नावावर. पॅड आणि ग्लव्ह्ज त्यांच्या गाडीच्या ट्रंकमध्ये. कोणत्या मुलाने कोणता बेल्ट केव्हा मिळवला याची वही कुठे आहे, हे विचारायला वहिनींना हॉस्पिटलात फोन करणे कोणालाच प्रशस्त वाटेना. शेवटी क्लासच बंद राहिला.

शेजारच्या गावातल्या एका क्लासचे शिक्षक काही वर्षांपूर्वी अचानक गेले. तिथला एक मुलगा आमच्या ओळखीच्यांचा. सहा वर्षे शिकलेला, ब्राऊन बेल्ट. दुसऱ्या क्लासने त्याचे सर्टिफिकेट पाहिले, पण सही करणारा माणूस हयात नाही आणि मागे कसलेही रजिस्टर नाही. त्यांनी त्याला पांढरा पट्टा बांधायला सांगितले. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत तो एक दिवस उभा राहिला, पुन्हा गेला नाही. नव्या क्लासची चूक होती असेही म्हणवत नाही. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्या लहान क्लासचा नाही. आपली मुले शिकतात त्या शोतोकान कराटेचे गिचिन फुनाकोशी २६ एप्रिल १९५७ रोजी वारले आणि त्यांचा अंत्यविधी कोणी करायचा यावरूनच शिष्यांत फूट पडली. पुढे जपान कराटे असोसिएशनचे नाकायामा १९८७ मध्ये गेले. त्यांच्यामागे त्या संस्थेचे तट पडून प्रकरण कोर्टात गेले, ते १९९९ पर्यंत चालले. क्योकुशिन कराटेचे मासुतात्सु ओयामा २६ एप्रिल १९९४ रोजी गेले. मृत्युशय्येवर त्यांनी वारस नेमला होता, पण कुटुंबाने हरकत घेतली आणि बघता बघता संस्थेच्या अनेक संस्था झाल्या. (ऐकिदोचे उएशिबाही २६ एप्रिललाच गेले, १९६९ साली. योगायोग, दुसरे काही नाही.) एवढे मोठे गुरू, हजारो शिष्य, पण मागची व्यवस्था नीट लागली नाही ती नाहीच.

उलट उदाहरण जूडोच्या जिगोरो कानो यांचे. त्यांनी १८८२ मध्ये मूठभर विद्यार्थ्यांवर कोडोकान सुरू केले. फेकण्याच्या डावांचे पाच गट १८९५ मध्ये ठरवले, १९२० मध्ये ते सुधारून डाव ४० वर आणले. कोण कोणत्या पायरीवर आहे याच्या नोंदी ठेवल्या. मे १९३८ मध्ये कैरोहून परतताना बोटीवरच त्यांचा मृत्यू झाला. कोडोकान मात्र चालूच राहिले आणि १९६४ मध्ये जूडो टोकियो ऑलिंपिकमध्ये गेले. आपल्याकडेही अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभे आहे. त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळ दाखवून आले होते. तिथे संस्थापकांच्या मागे सांभाळायला मंडळ होते.

आम्ही पेशाने केमिस्ट. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात की वहीत असे लिहा, की उद्या तुम्ही आला नाहीत तरी दुसऱ्याला तो प्रयोग करता आला पाहिजे. लेबल नसलेली बाटली, आत कितीही मोलाचे रसायन असो, टाकून द्यावी लागते. त्या मुलाच्या ब्राऊन बेल्टचे तसेच झाले.

काही पालक म्हणतात, सर थांबले तर मुलांना मॉलमधल्या तायक्वांदोला घालू, त्यात काय एवढे. घाला की. पण गुरुपौर्णिमेला सरांसमोर वाकणारी, "मोजा" म्हटल्यावर आधी जपानीत आणि मग मराठीत दहापर्यंत आकडे मोजणारी ही पोरे तिथे मिळणार नाहीत. आमच्या मुलीचे मराठी आकडे घरी नव्हे, त्या जिममध्ये पाठ झाले, हे कबूल करायला आम्हाला थोडी लाज वाटते.

म्हणून सुचवतो. जिमचा करार आणि विमा मंडळाच्या नावावर घ्यावा. बेल्टच्या रजिस्टरच्या दोन प्रती काढून एक चिटणिसांकडे ठेवावी, दर परीक्षेनंतर तिच्यावर सरांची सही घ्यावी. मोठ्या मुलांपैकी दोघांना आतापासून लहानांचा वर्ग घेऊ द्यावा, सर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतील. हे शेवटचे सर्वांत कठीण, कारण आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतील, "आम्ही फी सरांसाठी भरतो, त्या पोरांसाठी नाही." सर पुढे नसतील तेव्हा वर्ग घेणारे तेच दोघे असतील, हे मात्र त्या वेळी लक्षात ठेवावे. सरांच्या शैलीच्या मुख्य संस्थेत मोठ्या मुलांची नावे नोंदवता येतील का, तेही सरांनाच विचारावे.

सरांना न विचारता हे छापले, असे कोणाला वाटू नये. गेल्या शनिवारी चपला घालताना त्यांच्याजवळ विषय काढला. आम्हाला वाटले होते रागावतील. ते म्हणाले, "वही आहे हो. पण माझे अक्षर आता मलाच लागत नाही. कोणीतरी बसा माझ्याबरोबर."

आम्ही येत्या रविवारी दुपारी बसत आहोत. ज्यांच्याकडे मुलांची जुनी सर्टिफिकेटे असतील त्यांनी झेरॉक्स शनिवारीच क्लासला आणून द्याव्यात. एखादे हरवले असेल तर परीक्षेच्या दिवशीचा फोटोही चालेल, मागे तारीख असली तर बरे.