बेट रिकामं नसतं

पाळी सुटली की आम्ही गोदीतली पोरं खोलीवर एकाच मोबाइलला डोकी लावून सिनेमा बघतो. बेटांचे सिनेमे सगळ्यांना आवडतात. निळं पाणी, प्रवाळाच्या कड्यावर फुटणारी लाट, माड, पांढरी वाळू. मुकादम नाही, हजेरी नाही, आडनाव विचारणारा कुणी नाही. बारा तास कंटेनरचे लोखंडी दांडे आवळलेल्या माणसाला असं बेट हवंसं वाटणारच. मलाही वाटतं. हे आधी कबूल करतो, मग भांडतो.

‘कास्ट अवे’ घ्या, २००० सालचा. नायक पार्सल कंपनीचा साहेब. विमान समुद्रात पडतं, हा बेटावर एकटा. पार्सलं वाहत किनाऱ्याला लागतात. तो ती फोडतो, पण एक मात्र चार वर्षं फोडत नाही. सुटल्यावर पत्त्यावर नेऊन ठेवतो. आमच्या खोलीत यावर हशा पिकला. माणूस मरो, माल पोचला पाहिजे, हे तर आमच्याच यार्डातलं!

या बेटावर दुसरा माणूसच नाही. बोलायला एक व्हॉलीबॉल. का? कारण या सगळ्या सिनेमांचा आजा रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डिफोनं १७१९ साली छापला. शाळेत आम्हाला तो शूर खलाशी म्हणून शिकवला. हा शूर निघाला होता कुठं? आफ्रिकेतून गुलाम आणायला. हे शाळेत सांगितलं नाही. जहाज फुटलं आणि गडी बेटाचा राजा झाला. पुढं एका माणसाचा जीव वाचवतो, पण त्याचं नाव विचारत नाही. शुक्रवारी सापडला म्हणून ‘फ्रायडे’ म्हणतो, आणि माझं नाव ‘मालक’ असं त्याला शिकवतो. तीनशे वर्षांनी त्या फ्रायडेचाही चेंडू झाला. चेंडू मजुरी मागत नाही.

वाराचं नाव आम्हा डहाणू-तलासरीवाल्यांना नवं नाही. वारल्यांच्या पाड्यावर सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या आहेतच. पण ही नावं आईबापानं ठेवलेली. मालकानं दिलं ते वेगळंच नाव. लग्नापुरतं कर्ज काढलं की गडी बायकोसकट मालकाच्या शेतावर राबायचा. त्याला म्हणायचे लग्नगडी. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हेच सोमे-मंगळे जमले आणि म्हणाले, वेठ बंद. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड पडला, आणखी पडले. फ्रायडेनं मालक म्हणायचं सोडलं तर काय होतं ते इथं आहे. आमच्या मोबाइलवर तो सिनेमा अजून आला नाही.

‘ब्लू लगून’ (१९८०) आणि ‘कास्ट अवे’ दोन्ही फिजीत काढले. त्याच फिजीत इंग्रजांनी १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून साठ हजारांवर गिरमिटिये उसात राबायला नेले. सिनेमात ऊस नाही, गिरमिट नाही. कॅमेरा आधी बेट झाडून घेतो.

खरी बेटंही अशीच झाडतात. हिंदी महासागरात चागोसची प्रवाळबेटं आहेत. तिथं नारळाच्या मळ्यांत राबणारी गुलामांची आणि मजुरांची लेकरं पिढ्यान्‌पिढ्या राहात होती. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, म्हणून इंग्रज सरकारनं १९६८ ते १९७३ मध्ये सगळ्यांना हाकललं. त्यांची कुत्रीसुद्धा धूर कोंडून मारली. १९६६ च्या एका सरकारी टिपणात साहेब या लोकांना काय म्हणतो? टारझन आणि फ्रायडे! पुस्तकातलं नाव फायलीत गेलं, आणि माणसं बोटीत.

आता आपला किनारा. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये प्राधिकरण बसलं. त्यानं १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं, २०२३ मध्ये होकार दिला. जून २०२४ मध्ये केंद्रानं ७६ हजार कोटींच्या वरचं बंदर मंजूर केलं, ऑगस्टात पालघरला पायाभरणी झाली. १४४८ हेक्टर समुद्र भरायचा आहे. भराव समुद्रात, म्हणजे बंदराखाली कुणाचं घर जात नाही, असं समजावतात. म्हणजे समुद्र रिकामा! मग बोंबील, कोळंबी, पापलेट येतात कुठून? मच्छीमाराचं घर जात नसेल, शेत जातंय.

गोदीतले दोस्त म्हणतात, लेका, तुझ्या दारात बंदर येतंय, घरची भाकर खाऊन कामाला जाशील. खोटं कशाला बोलू, मनात गुदगुल्या होतात. आई गावाकडं दुसऱ्याच्या वाडीत चिकू खुडते, मी इथं सहा जणांच्या खोलीत. सरकार १२ लाख रोजगार सांगतं. पण मी बंदरात राबतो, मला विचारा. काम क्रेन करते आणि उरलेलं ठेकेदाराचा माणूस. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराच्या नावाची नोंद सुरू झाली. आम्ही तिची गोष्ट म्हाताऱ्यांकडून ऐकतो. कायम नोकऱ्या किती, कुठल्या गावच्यांना, हे लेखी द्या. त्याच्याही आधी किनाऱ्याला विचारा, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून विचारा.

एक दोस्त चिडून म्हणाला, गावानं आपल्याला कधी जवळ केलं? त्यांच्या समुद्रासाठी आपण का ओरडायचं? प्रश्न खरा आहे, मला झोंबला. गावकीशी माझं भांडण मी सोडलेलं नाही. पण जागा रिकामी ठरवायची वेळ आली की यादीत पहिली आपलीच वस्ती असते. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे आदिवासीही, कष्टकरीही असं लिहिलंय ते शोभेसाठी नाही.

दोस्तांनो, बेटाचे सिनेमे जरूर बघा. फक्त कोरी वाळू दिसली की विचारा, इथली पावलं कुणी पुसली? क्रूसो वाळूवर एक परकं पाऊल बघून भेदरला होता. डहाणूच्या वाळूवर तर आपली हजारो आहेत. ती पुसू देऊ नका.